‘ही गाडी माझी नाही’ हे सांगायचे कुठे? ई-चलान सेवेचे एक परीक्षण

जुनी मोटार विकायला काढली तेव्हा ती पाहायला आलेल्या गृहस्थांनी बॉनेट उघडण्याआधीच ‘ताई, चलान किती थकलंय?’ असे विचारले आणि मी मोठ्या विश्वासाने ‘एकही नाही’ असे सांगितले. त्यांनी आरसी मागून घेतली, मोबाइलवर गाडीचा क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले आणि काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. वेगमर्यादा ओलांडल्याचे, दोन हजार रुपयांचे एक चलान गेले सात महिने माझ्या नावावर होते आणि ते न्यायालयात पाठवल्याची नोंदही शेजारी होती. त्या रात्री मी घरातल्या स्कूटरचा क्रमांक टाकून पाहिला तर आणखी दोन निघाली. एक सिग्नल तोडल्याचे, जे मला चांगलेच आठवत होते. आणि दुसरे, मागे बसलेल्या माणसाने हेल्मेट न घातल्याचे, तेही अशा शहरातले, जिथे ही स्कूटर विकत घेतल्यापासून एकदाही गेलेली नाही.

पुढच्या साडेतीन महिन्यांत या तीन चलानांपायी दंड शोधण्याची, भरण्याची आणि नाकारण्याची जी दारे महाराष्ट्रातल्या साध्या वाहनमालकाला उघडी आहेत, ती बहुतेक सगळी मी वापरून पाहिली. मिक्सरचे किंवा बँकेच्या अॅपचे परीक्षण लोक लिहितात, मग याही सेवेचे लिहायला हरकत नसावी, कारण तिची गरज पडते तेव्हा विचारायला ओळखीतला पोलीस किंवा कोर्टाच्या फाटकाबाहेरचा एजंट यांच्याखेरीज कोणी सापडत नाही आणि दोघेही एकच सल्ला देतात: ‘भरून टाका, सुटाल.’ हा सल्ला तीनपैकी दोन चलानांना लागू होता. तिसऱ्यासाठी तो पाळला नाही, म्हणून हे लिहिण्याजोगे काही हाती लागले.

आधी शोधण्याबद्दल. या भागाबाबत माझी तक्रार जवळजवळ नाही. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर वाहन क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की प्रलंबित चलानांची यादी समोर येते. केंद्राच्या परिवहन खात्याच्या ई-चलान पोर्टलवर चलान क्रमांक, वाहन क्रमांक किंवा लायसन्स क्रमांक यांवरून शोधता येते. आणि प्रकरण आभासी न्यायालयात, म्हणजे ज्याला सगळे व्हर्च्युअल कोर्ट म्हणतात तिथे गेले असेल, तर त्याचे संकेतस्थळ पुन्हा वेगळे. एका ठिकाणी यादी कोरी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये, तिन्हीकडे पाहावे, ही गोष्ट मला उशिरा उमगली. वर्षातून एकदा, विम्याचे नूतनीकरण करताना, पीयूसीच्या जोडीने हेही पाहून टाकले असते तर गाडी विकताना परक्या माणसासमोर तोंड पाडून घेण्याची वेळ आली नसती.

चलानाचा संदेश मला का मिळाला नाही, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने फॉर्मवर जो मोबाइल क्रमांक लिहिला होता तो मी चार वर्षांपूर्वी बंद केला होता, आणि आरटीओच्या नोंदीत तोच कायम होता. संदेश वेळेवर निघाला, फक्त मेलेल्या क्रमांकावर गेला. हा दोष सेवेचा नाही, माझा आहे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून क्रमांक बदलून घेण्याचे काम घरबसल्या झाले आणि त्याला एक चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. क्रमांक बदलल्यावर मात्र दुसऱ्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर ‘आपले चलान थकले आहे’ असा संदेश आला आणि त्याला एक फाइल जोडलेली होती. ती एपीके फाइल होती, म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये बसवायचे अॅप. खरे चलान अॅपची फाइल होऊन येत नाही आणि खऱ्या पोर्टलचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. या दोन गोष्टी घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगून ठेवाव्यात, कारण पोलिसांच्या नावाला घाबरून सगळ्यात आधी फाइल उघडतात ती हीच मंडळी.

आता भरण्याबद्दल. सिग्नलचे चलान मी पोर्टलवरच भरले: चलानाशेजारच्या चौकोनात खूण, यूपीआय, पावती. सगळे मिळून दोन मिनिटे. पाचशे रुपये होते आणि ते योग्यच होते. दिवा पिवळ्याचा लाल होताना मी वेग कमी करण्याऐवजी वाढवला होता आणि चित्रात माझी स्कूटर पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे निघून गेलेली स्वच्छ दिसत होती. हाच गुन्हा पुन्हा केला तर रक्कम पंधराशेवर जाते, हेही त्यानिमित्ताने कळले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने दंड वाढले. देशात ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले, महाराष्ट्राने मात्र सुधारित रकमांची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. ज्यांच्या डोक्यात अजून शंभर-दोनशेचे जुने आकडे आहेत त्यांनी यादी उघडण्यापूर्वी खुर्चीत नीट बसावे.

पैसे भरण्याच्या या सोयीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. कापलेला अर्धा गुण एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते: पैसे भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत नेमके काय, हे भरणाऱ्याला ठळक अक्षरांत सांगितले जात नाही. पोलिसांच्या पोर्टलवर आपण जी रक्कम भरतो ती मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड असते. गुन्ह्याबद्दल तडजोड शुल्क घेऊन प्रकरण तिथेच मिटते आणि पुढे खटला चालत नाही. आभासी न्यायालयात भरतो ती रक्कम मात्र न्यायाधीशाने ठरवलेला दंड असतो आणि तो भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. दोन्हीकडे बटण तितकेच मोठे, रक्कम अनेकदा तीच, बँकेचा संदेश तोच. परंतु एकीकडे आपण तडजोड करतो आणि दुसरीकडे कबुली देतो. खरोखर चूक झालेली असेल तर हा फरक झोप उडवणारा नाही, हे मान्य. चूक झालेलीच नसेल तर तोच सगळा प्रश्न आहे.

वेगाच्या चलानावरून हे चांगले लक्षात आले. आभासी न्यायालयाची ही व्यवस्था २०१९ च्या जुलैमध्ये दिल्लीत सुरू झाली आणि नंतर बऱ्याच राज्यांत पसरली. संकेतस्थळावर राज्य आणि विभाग निवडून चलान क्रमांक, वाहन क्रमांक, मोबाइल क्रमांक, नाव किंवा सोळा अक्षरा-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयाने प्रकरणाला दिलेला ओळख क्रमांक, यांपैकी काहीही टाकले की प्रकरण उघडते. समोर दोन पर्याय येतात. एकावर दंड भरायचा, दुसऱ्यावर प्रकरण लढवायचे. लढवायचे म्हटले की ते आभासी न्यायालयातून निघून ज्या भागात गुन्हा घडला तिथल्या नियमित न्यायालयाकडे जाते आणि मग तारखा, हजेरी, वकील हे सगळे ओघाने आले. बसल्या जागेवरून कबुली देता येते, नकार द्यायला मात्र शंभर-दीडशे किलोमीटर जावे लागू शकते. ही रचना करणाऱ्यांनी वाईट हेतूने केली असे मी म्हणणार नाही. बहुतेक चलाने खरी असतात आणि बहुतेक लोकांना भरूनच टाकायचे असते, त्यांच्या सोयीचा विचार झाला आहे आणि उत्तम झाला आहे. फक्त उरलेल्यांचा विचार करायचे त्या दिवशी राहून गेले असावे.

वेगाचे चलान लढवावे का, यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. कॅमेऱ्याने केलेल्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये घातलेला नियम १६७अ आहे आणि तो वाहनमालकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्यानुसार गुन्ह्याची सूचना घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत पाठवली गेली पाहिजे. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसतील असे छायाचित्र, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, कायद्यातले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असले पाहिजे. यंत्राला मान्यता असली पाहिजे आणि ती दरवर्षी नव्याने घेतली गेली पाहिजे. आणि पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर असला पाहिजे. मी एकेक गोष्ट ताडून पाहिली. सूचना मुदतीत निघाली होती, जुन्या क्रमांकावर का होईना. चित्र स्वच्छ होते. फलक तिथे आहे, मीच कितीदा तरी पाहिला आहे. एका वकील मैत्रिणीने मुदतीचा मुद्दा सुचवला: केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घेतली पाहिजे, ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. परंतु हे सहा महिने न्यायालयाने दखल घेईपर्यंतचे, मला कळेपर्यंतचे नव्हेत. आणि तो मुद्दा मांडायला जाण्यायेण्याचा व वकिलाचा खर्च दंडाच्या कितीतरी पट झाला असता, हे तिनेच हसत सांगितले.

शिवाय चलान खरे होते. त्या दिवशी गाडी दिराकडे होती. त्याने आधी ‘कॅमेरेच चुकीचे असतात, वहिनी’ अशी सुरुवात केली, मग तारीख पाहिली, मग गप्प झाला आणि चहा संपायच्या आत त्याने दोन हजार रुपये माझ्या खात्यावर पाठवून दिले. मी आभासी न्यायालयात दंड भरला, पावती उतरवून घेतली आणि दहाव्या दिवशी नोंद निकाली निघाल्याचे दिसले. गाडी घेणाऱ्या गृहस्थांना ती पावती हवीच होती, कारण चलान थकलेले असेल तर हस्तांतरणाचे काम अडते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

आता उरले तिसरे, हेल्मेटचे. रक्कम किरकोळ होती आणि घरातल्या सगळ्यांचे मत भरून टाकावे असेच होते. मी भरले नाही, आणि त्यामागे तत्त्वाचा हट्ट थोडा आणि कायद्याचे वाचन जास्त होते. कलम १९४ड मध्ये हेल्मेटच्या गुन्ह्याला दंडाबरोबर तीन महिन्यांसाठी लायसन्सकरिता अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. असल्या गुन्ह्याची नोंद, जो मी केलाच नाही, स्वतःच्या नावावर पैसे देऊन विकत घेण्यात मला शहाणपण दिसेना.

चलानाचे छायाचित्र मी संगणकावर मोठे करून पाहिले. मागून काढलेले होते, बहुधा हातातल्या यंत्राने, आणि किंचित तिरपे. स्कूटर चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बसलेल्या बाईंच्या मांडीवर भाजीची गोणपाटाची पिशवी, डोक्यावर पदर. स्कूटर लाल. माझी स्कूटर राखाडी आहे आणि आरसीवर रंगाच्या रकान्यात तसे लिहिलेलेही आहे. मागचा दिवा वेगळ्या घडणीचा. नंबर प्लेटवर पावसाळी चिखल उडालेला, आणि शेवटून दुसरा अंक, जो चलान लिहिणाऱ्याने ३ असा वाचला होता, तो नीट पाहिल्यावर ८ होता. आठाच्या डाव्या अंगावर चिखलाचा फराटा बसला होता आणि उजव्या बाजूच्या दोन कमानी तेवढ्या उरल्या होत्या. इंग्रजी आठाचा डावा भाग झाकून पाहा, तीन दिसतो. चूक समजण्यासारखी होती. न समजण्यासारखे हे होते की क्रमांक टाकताच नोंदणीतून वाहनाचा तपशील यंत्रावर येतो, आणि तो समोरच्या वाहनाशी जुळतो का हे पाहायला मान वर करण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

वाहतूक पोलिसांच्या अॅपमधून तक्रार नोंदवण्याची सोय आहे आणि ती मी वापरली. चलान क्रमांक टाकला, कारण लिहिले, माझ्या स्कूटरचे मागून काढलेले छायाचित्र जोडले. नऊ दिवसांनी त्या शहराच्या वाहतूक शाखेकडून उत्तर आले: तक्रार नामंजूर. कारणाच्या जागी काहीही नव्हते. मी दुसऱ्यांदा लिहिले, या वेळी आरसीसह, आणि पुन्हा तोच एक शब्द आला. दूरध्वनी केला तर ‘मॅडम, समक्ष या’ असे अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले. समक्ष म्हणजे एसटीने पाच तास. नाकारण्याच्या या सोयीला मी पाचपैकी दीड गुण देते. एक गुण ती सोय अस्तित्वात आहे म्हणून, आणि अर्धा दूरध्वनीवरच्या सौजन्याचा.

या टप्प्यावर लोकअदालतीचा संदेश आला. ज्यांची चलाने थकली आहेत त्यांना अशा संदेशाने दाखलपूर्व प्रकरण म्हणून बोलावले जाते. अजून खटला दाखल झालेला नाही, त्याआधीच मिटवून टाका, असा त्याचा अर्थ. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, शनिवारी भरते. तिच्यामागे विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ आहे, जो प्रत्यक्षात ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, आणि त्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्याविरुद्ध अपील होत नाही. म्हणून तिथे सही करण्यापूर्वी दोनदा वाचावे. गर्दीत ‘इथे सही करा’ म्हणणारा माणूस घाईत असतो, आपण असू नये.

सवलतीच्या आशेने येणारे बरेच असतात, आणि त्याला कारण आहे. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये थकीत चलानांवर, दुचाकींना तर तब्बल ७५ टक्के, सूट दिली होती. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम माफ केली होती आणि लोकांनी रांगा लावून पैसे भरले होते. ते त्या त्या सरकारांचे त्या त्या वेळचे निर्णय होते. आपल्याकडच्या प्रत्येक लोकअदालतीत अर्धी रक्कम माफ होतेच, असे समजून वर्षभर चलाने साठवत बसणारे मला रांगेत भेटले आणि त्यांतले दोघे पूर्ण रक्कम भरून निमूट परतले. मला स्वतःला असल्या सरसकट सवलती पटत नाहीत. वेळेवर भरणारा त्यात मूर्ख ठरतो आणि चुकीचे चलान आलेल्यालाही ‘आता निम्म्यात मिटतेय, भरून टाका’ हाच उपदेश नव्या जोमाने ऐकावा लागतो.

जिल्हा न्यायालयाच्या तळमजल्यावरच्या दालनात साडेदहालाच शंभरेक माणसे होती. टेबलांवर कागदाचे त्रिकोण करून पॅनेलचे क्रमांक उभे केलेले, पंखे मोठ्या आवाजाचे, आणि पट्टेवाला दर पाच मिनिटांनी ‘चलानवाल्यांनी डावीकडे, बँकवाल्यांनी उजवीकडे’ असे ओरडत होता. माझ्या पॅनेलवर एक निवृत्त न्यायाधीश, एक तरुण वकील बाई आणि एक समाजसेविका होत्या. शेजारच्या टेबलावर वाहतूक शाखेचे दोन कर्मचारी लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन बसले होते. माझ्यापुढच्या रिक्षावाल्या काकांची सहा चलाने होती. त्यांनी खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि ‘साहेब, रिक्षा उभी करायला जागा कुठाय तेवढं सांगा’ असे विचारले. त्यावर पॅनेलकडे उत्तर नव्हते आणि त्यांनी तसे सोंगही केले नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी कागद पुढे केले: चलानाचे छापील छायाचित्र, आरसीची प्रत, स्कूटरची चारही बाजूंची छायाचित्रे आणि त्या दिवशी मी कार्यालयात असल्याचा हजेरीपटाचा उतारा. निवृत्त न्यायाधीशांनी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, ‘बाई, यात तडजोड कशाची करायची? गाडी तुमची नसेल तर पैसे कशाला भरता?’ मी म्हणाले, ‘भरायचे नाहीतच, सर. हे ऐकणारे कोणी भेटत नव्हते, म्हणून आले.’ ते हसले नाहीत. तडजोड होण्याजोगे प्रकरण नाही आणि वादाचा निर्णय देणे पॅनेलचे काम नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. लोकअदालत म्हणजे छोटे न्यायालय अशी माझी समजूत होती. तसे नाही, दोन्ही बाजू राजी असतील तरच तिथे निवाडा होतो, आणि नसतील तर प्रकरण जिथून आले तिथे परत जाते. एवढे सांगून मात्र त्यांनी मला परत पाठवले नाही. शेजारच्या टेबलाकडे वळून ते म्हणाले, ‘हवालदार, यांचा फोटो जरा मोठा करून बघा.’

हवालदारांनी चश्मा कपाळावर चढवला, पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे केले, मान तिरकी केली आणि आपल्या सहकाऱ्याला म्हणाले, ‘अरे, तीन कुठाय हा? आठ आहे.’ मग माझ्या स्कूटरचे चित्र पाहिले. ‘आणि रंग पण वेगळा.’ साडेतीन महिन्यांत त्या छायाचित्राकडे माझ्याखेरीज दुसऱ्या कोणी पाहिल्याचा मला मिळालेला हा पहिला पुरावा. चलान दुसऱ्या शहराच्या शाखेने केलेले असल्यामुळे ते रद्द करणे त्यांच्या हातात नव्हते. पण त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला, मजकुरात ‘चलान रद्द करणेबाबत’ असा विषय आणि अंकातला फरक स्पष्ट लिहायला सांगितला, आवक क्रमांकाचा शिक्का मारून एक प्रत मला दिली आणि दुसरी आपल्या अभिप्रायासह पुढे पाठवतो असे सांगितले. ‘अॅपमध्ये कारण लिहिताना “चुकीचे चलान” एवढेच लिहू नका, कुठला अंक चुकलाय ते लिहा,’ हा त्यांचा सल्ला मला सगळ्या संकेतस्थळांवरच्या सूचनांपेक्षा उपयोगी वाटला, कारण माझ्या दोन्ही तक्रारींत मी ‘हे वाहन माझे नाही’ असे रागाने लिहिले होते आणि तीन-आठचा उल्लेखच केला नव्हता. रोज अशा ढीगभर तक्रारी उघडणाऱ्या माणसाला माझा राग वाचून काय कळणार होते?

तरीही एक गोष्ट मला खटकतेच. नामंजूर या शब्दापुढे एक ओळ, म्हणजे ‘अंक कोणता चुकला ते कळवा’ इतकीच, लिहिली असती तर मला सुट्टीचा शनिवार आणि पॅनेलला दहा मिनिटे खर्चावी लागली नसती. तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येक जण दुसऱ्या नामंजुरीनंतर पैसे भरून मोकळे होत असतील, आणि त्यांचे चलान ‘वसूल’ या रकान्यात खऱ्या चलानांच्या शेजारीच बसत असेल.

दालनाबाहेर पायरीवर एका गृहस्थांनी मला गाठले आणि ‘तीनशे द्या, नावच काढून टाकतो’ असे हळूच सांगितले. मी शिक्का मारलेली प्रत दाखवल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. नाव काढण्याची त्यांची पद्धत बहुधा माझ्याकडून तीनशे अधिक दंडाची रक्कम घेऊन पोर्टलवर दंड भरणे हीच असावी. दोन मिनिटांच्या कामाचे तीनशे रुपये, हा दर वाईट नाही.

अकराव्या दिवशी संदेश आला की चलान रद्द करण्यात आले आहे. पोर्टलवर पाहिले तर यादी कोरी होती. अर्जाची शिक्क्याची प्रत आणि त्या कोऱ्या यादीची छापील प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत, पीयूसीच्या खाली ठेवली आहे, कारण ती लाल स्कूटर अजून रस्त्यावर आहे आणि तिच्या नंबर प्लेटवरचा चिखल कोणी धुतला असेल याची मला फारशी खात्री नाही.